कऱ्हेकांठच्या तोफा

पुणें जिल्ह्याचा पश्चिमेकडील भाग डोंगरांचा व किल्ल्यांचा, आणि पूर्वेकडील भाग मैदानाचा. शाळेंतील इतिहासांत किल्ले येतात. मैदान सहसा येत नाहीं. बारामती व इंदापूर हे तालुके या मैदानांत मोडतात. इंदापुराच्या उत्तरेस भीमा, दोन्ही तालुक्यांच्या दक्षिणेस नीरा, आणि बारामतीवरून वाहत येणारी कऱ्हा. ही कऱ्हा सोनगांवापाशीं नीरेस मिळते व नीरा पुढें नरसिंहपुरास भीमेस मिळते. मधली भूमि बहुतेक उघडी, पाऊस थोडा. येथें गड बांधावयास डोंगर नाहींत, म्हणून दडून बसावयासहि जागा नाहीं. घोडदळास अशी भूमि म्हणजे पर्वणीच. आणि तोफेसहि ती तितकीच सोयीची, कारण तिच्या दृष्टीआड होण्यास एखादें टेकाडसुद्धां क्वचितच सांपडतें.

या मैदानाशीं मराठ्यांच्या इतिहासांतील मोठमोठीं नांवें जडलेलीं आहेत. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजी राजे इंदापुरास लढाईंत पडले. शहाजी राजांच्या जहागिरींत इंदापूर व सुपें हे परगणे होते. १६५६ त शिवाजी महाराजांनीं ज्या सुप्यास जाऊन आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांस कैद केलें, तें सुपें आज बारामती तालुक्यांत आहे. पेशवाईंत बारामतीस बाबूजी नाईकांचा वाडा कऱ्हेच्या कांठीं उभा राहिला आणि त्या घराण्याच्या आश्रयानें मोरोपंतांची आर्या फुलली. नीरेकांठच्या होळ गांवावरून एका धनगर कुळास होळकर हें आडनांव मिळालें, व त्या कुळांत १६९३ त जन्मलेल्या मल्हाररावानें पुढें माळव्यांत राज्य स्थापिलें.

एवढें सर्व सुशिक्षित कुटुंबांत ठाऊक असतें. ८ ऑक्टोबर १८०२ रोजीं बारामतीस झालेली लढाई मात्र फार थोड्यांच्या स्मरणांत आहे. मोरोपंत वारले त्यास आठ वर्षें झालीं होतीं. ज्या कऱ्हेच्या कांठीं त्यांचें काव्य घडलें, तेथेंच होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने यानें नाना पुरंदरे प्रभृति पेशव्यांच्या सरदारांचा पराभव केला आणि त्यांच्या तोफा हस्तगत केल्या. त्यानंतर सतरा दिवसांनीं हडपसरची लढाई झाली, आणि हडपसरनंतर सत्तर दिवस उलटण्याच्या आंत दुसऱ्या बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह करून पेशवाईचें स्वातंत्र्य गमावलें. या तिन्ही गोष्टी एका माळेंत ओंवलेल्या आहेत; आणि त्या माळेचा दोरा कोणता हें पाहूं गेल्यास दोन पिढ्यांपासून चालत आलेला एक जुना वाद समोर येतो. तो वाद असा कीं, लांबून नेम धरून मारावयाचें शस्त्र मराठी फौजेनें कसें वापरावें?

प्राचीन धनुर्वेदांत शस्त्रांचे मुक्त आणि अमुक्त असे भेद केलेले आहेत. तरवार, पट्टा, खंजीर हीं हातांतच राहतात. बाण, गोळी, गोळा हीं हातांतून सुटतात. हा भेद वरवर दिसतो त्याहून पुष्कळ खोल आहे. तरवारीचा वार हुकला तर मनगट फिरवून दुसरा करतां येतो. तोफेचा गोळा हुकला म्हणजे नळी ओल्या बोळ्यानें पुसावयाची, दारूची पिशवी आंत सारावयाची, गजानें ठांसावयाची, गोळा भरावयाचा, कानांत रंजक घालावयाची आणि मग पुन्हां बत्ती द्यावयाची. तेवढा वेळ ती तोफ म्हणजे धातूचा एक ओंडका, आणि तिच्याभोंवतींचे गोलंदाज म्हणजे उघड्यावरचीं माणसें. बंदुकीचेंहि तसेंच. कवायत शिकलेल्या पलटणीचा शिपाई मिनिटास दोन किंवा फार तर तीन वेळां बंदूक झाडीत असे. गोळीचा भरंवशाचा पल्ला शंभर पावलांच्या आसपास. त्यापलीकडे ती जाई खरी, पण कोणास लागेल याचा नेम नसे. भरधांव सुटलेला घोडा शंभर पावलांचें अंतर दहा-बारा सेकंदांत तोडतो. म्हणजे घोडदळ अंगावर येत असतां पलटणीच्या एका रांगेस खऱ्या कामाची अशी एकच फैर मिळावयाची. ती लवकर सुटली तर फुकट गेली. उशिरां सुटली तर घोडा छातीवर आलाच.

यावरून दोन विद्या निर्माण झाल्या. पलटणीची विद्या अशी कीं, रांगांनीं पाळीपाळीनें झाडावें, म्हणजे सर्वांच्या बंदुका एकाच वेळीं रिकाम्या होत नाहींत. घोडेस्वाराची विद्या म्हणजे हुलकावणी. पल्ल्याच्या कडेपर्यंत यावयाचें, शत्रूस फैर झाडावयास लावावयाचें, पसरून मागें फिरावयाचें, आणि दारू भरली जात असतांनाच दुसऱ्या बाजूनें तुटून पडावयाचें. मराठ्यांचा स्वार या दुसऱ्या विद्येंत जगांत कोणास हार जाणारा नव्हता. उंटांवरील बाणांच्या कैच्याहि याच कामीं येत. बाण कोठें पडेल हें सोडणारास देखील नीटसें सांगतां येत नसे. पण हत्ती व घोडे बुजविण्यास तेवढें पुरें होई.

आजकालचीं मुलें संगणकाच्या पडद्यावर पांच-पांच गड्यांच्या दोन फळ्या करून जे डाव खेळतात, त्यांत हेंच कोडें नव्या वेषांत येतें. वडील मंडळींस हे डाव म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो, आणि पुष्कळदां तो असतोहि. तरी २००३ च्या सुमारास प्रसिद्धीस आलेल्या ‘डोटा’ नांवाच्या खेळांतील एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांत पज नांवाचा एक गडी साखळीस बांधलेला आंकडा सरळ रेषेंत फेंकतो. शत्रूस लागला तर तो आपल्या सोबत्यांपासून तुटून ओढला जातो. हुकला तर पुन्हां फेंकण्यापूर्वीं कांहीं सेकंद थांबणें भाग पडतें, आणि समोरची फळी नेमक्या तेवढ्या अवधींत चालून येते. वाटेंत आपलाच गडी आडवा आला तर आंकडा त्यालाच खेंचून आणतो. म्हणून जाणते खेळाडू दुसऱ्या सोबत्यानें शत्रूस जखडून धरण्याची वाट पाहतात व मग आंकडा सोडतात. पाहणारे वाहवा करितात ती नेमाची. ज्यानें जखडून धरलें त्याचें नांव मागें राहतें. मराठ्यांच्या लढायांचीं वर्णनें वाचतांना या दुसऱ्या गड्याकडे दृष्टि ठेविली तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

होळच्या मल्हाररावाची सारी हयात अशा शस्त्राच्या समोर गेली. १७२८ च्या फेब्रुवारींत पहिल्या बाजीरावानें निजामास पालखेडास गांठलें, तेव्हां मल्हारराव त्याच्या सरदारांत होता. निजामाचा तोफखाना मराठ्यांहून कितीतरी वरचढ. त्याच्यासमोर उभें राहण्याऐवजीं बाजीरावानें त्यास इतकें पळविलें कीं, वेग धरण्यासाठीं निजामानें जड तोफा मागें टाकल्या. मग पाणी तोडलेल्या मुलखांत त्यास कोंडणें कठीण गेलें नाहीं. तोफ न फोडतां व न घेतां ती निरुपयोगी करण्याचें याहून सुरेख उदाहरण दाखवितां येणें कठीण. मल्हाररावाच्या मनावर हा धडा जन्मभर कोरलेला राहिला.

पण नेमाच्या शस्त्रानें त्यास दुसराहि एक धडा दिला. १७५४ त मराठे जाटांच्या कुंभेरीस वेढा घालून बसले असतां किल्ल्यावरून आलेल्या गोळ्यानें मल्हाररावाचा एकुलता एक मुलगा खंडेराव ठार झाला. अहल्याबाईंस वैधव्य आलें तें या गोळ्यानें. मैदानांत हुलकावणी देतां येते. तटाखालीं मोर्चांत बसलेल्या माणसास ती देतां येत नाहीं. आपल्या विद्येचें क्षेत्र कोठें संपतें हें मल्हाररावाइतकें जिव्हारीं लागून दुसऱ्या कोणास कळलें असेल?

१७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊनें उदगिरास निजामाचा पराभव केला, तेव्हां इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि मराठी घोडदळ हीं दोन्ही एकमेकांस पूरक ठरलीं. घोडदळानें निजामाचा गोल घेरून त्याची हालचाल बंद केली आणि थांबलेल्या गोलावर तोफांनीं मारा केला. ज्याला धरून ठेवलेलें आहे त्याच्यावर नेम धरणें सोपें असतें. भाऊचा गारद्यावर विश्वास बसला तो येथें, आणि तो विश्वास अवास्तव होता असें म्हणतां येणार नाहीं. पुढें उत्तरेंत गेल्यावर भाऊ आणि मल्हारराव यांच्यांत जो मतभेद झाला त्याचें वर्णन भाऊसाहेबांच्या बखरींत आलेलें आहे. मल्हाररावाचें म्हणणें, जड तोफा, बुणगे व कबिले मागें ठेवून गनिमी काव्यानें लढावें. भाऊचें म्हणणें, गोल बांधून तोफांच्या आडोशानें लढावें. या वादांत एक शहाणा व दुसरा हट्टी अशी वांटणी करण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. वस्तुतः दोन्ही पद्धती खऱ्या होत्या. एकाच फौजेंत अर्ध्यांनीं एक व अर्ध्यांनीं दुसरी चालविणें हें मात्र घातक होतें. आणि पानिपतास नेमकें तेंच घडलें.

१४ जानेवारी १७६१ ची सकाळ. लढाईस तोंड लागलें तें तोफांनीं. मराठ्यांच्या तोफा मोठ्या व जड. त्यांचें तोंड वरखालीं करणें सोपें नसे. त्यामुळें दोन्ही फौजा जवळ येऊं लागल्या तसे त्यांचे गोळे अफगाणांच्या डोक्यांवरून पलीकडे जाऊं लागले. डाव्या बगलेस इब्राहिमखान होता. त्याच्या पलटणींनीं समोरच्या रोहिल्यांची अशी दाणादाण उडविली कीं, दुपारपर्यंत त्या बाजूस जय मराठ्यांचाच दिसत होता. त्याच्या शेजारीं विंचूरकर व गायकवाड यांचें घोडदळ. समोर शत्रु मोडतांना दिसला म्हणजे जातिवंत स्वारास लगाम आंवरत नाहीं. मराठी परंपरा सांगते त्याप्रमाणें हे स्वार गोल सोडून रोहिल्यांवर धांवले, ते गारद्यांच्या बंदुका आणि शत्रु यांच्या मधोमध. आपल्याच माणसांच्या पाठीवर गोळी कोण झाडणार? गारद्यांचा मारा थंडावला. रोहिल्यांना श्वास घेण्यास अवधि मिळाला. त्यांच्या बंदुका पुन्हां भरल्या गेल्या, आणि विस्कळित घोडदळ जसें धांवत गेलें तसेंच मागें आलें. शौर्यांत कोठें उणें नव्हतें, नेमांतहि नव्हतें. आपल्या माणसानें कोणत्या रेषेंत उभें राहावयाचें नाहीं, एवढेंच ठरलेलें नव्हतें. किंवा ठरलेलें असूनहि पाळलें गेलें नाहीं. पुढें विश्वासरावास गोळी लागली, भाऊ गर्दींत शिरला, मल्हारराव आपल्या लोकांनिशीं निघून गेला. आणि जखमी इब्राहिमखान शत्रूच्या हातीं सांपडून मारला गेला. जो शेवटपर्यंत आपल्या जागेवर लढला, त्या गारद्याचें नांव पुढें मराठींत शिवी म्हणून रूढ झालें, हा इतिहासाचा न्याय विचित्र खरा. नारायणरावाच्या खुनाशीं दुसऱ्या गारद्यांचा संबंध आला, हें त्याचें कारण.

पानिपताहून लंगडत परत आलेल्या महादजी शिंद्यानें या प्रश्नाचें उत्तर शोधलें. त्यानें द ब्वान्य या सव्हॉयच्या सरदाराकडून कवायती कंपू उभारविले. १७९० च्या सप्टेंबरांत मेडत्यास रोहन नांवाच्या एका फ्रेंच कप्तानानें हुकूम नसतां तीन पलटणी पुढें काढल्या, आणि राठोडांच्या घोडदळानें त्यांस अक्षरशः तुडविलें. द ब्वान्यनें उरलेल्या पलटणींचा चौकोन केला, राठोड जवळ येईपर्यंत मारा आंवरून धरला, आणि मग छऱ्यांच्या तोफांखालीं ते शूर पुरुष पुनःपुन्हां येऊन पडले. ही लढाई ऐकून तुकोजी होळकरानेंहि कंपू उभारला. परंतु १७९३ त लाखेरीस शिंद्यांच्या कंपूनें होळकरांचा कंपू धुळीस मिळविला व तोफा हिरावून घेतल्या. होळकरांच्या दौलतींत पैसा थोडा, कवायत नवी, आणि मनांतून स्वार अजून कंपूस हंसत होते. मल्हाररावाची विद्या गेली नव्हती आणि द ब्वान्यची आली नव्हती, अशी त्यांची अवस्था होती.

या अवस्थेंत तुकोजी १७९७ त वारला, आणि त्याचा दासीपुत्र यशवंतराव पुढें आला. त्याच वर्षीं दौलतराव शिंद्याच्या फौजेनें पुण्यांत यशवंतरावाचा भाऊ मल्हारराव यास मारलें. १६ एप्रिल १८०१ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें त्याचा दुसरा भाऊ विठोजी यास शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायीं देवविलें. बाजीराव तो देखावा पाहत होता. नानासाहेबांच्या व माधवरावांच्या वाड्यासमोर, ज्या घराण्यानें तीन पिढ्या पेशव्यांसाठीं रक्त सांडलें त्या घराण्यांतील मुलाची ही गत झाली. सूड घेण्यास आलेल्या यशवंतरावाविषयीं जें कांहीं म्हणावयाचें तें हें ध्यानांत ठेवून म्हटलें पाहिजे.

यशवंतराव हा जातीचा स्वार असला तरी तोफेचें मोल ओळखणारा होता. १८०१ च्या जुलैंत त्यानें उज्जनीस शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. ऑक्टोबरांत इंदुरास सदरलंडनें त्याचा पराभव केला आणि त्याच्या पुष्कळ तोफा गेल्या. एवढ्यानें दुसरा मनुष्य खचला असता. यशवंतरावानें वर्षाच्या आंत पुन्हां चौदा पलटणी उभ्या केल्या. विकर्स, हार्डिंग व आर्मस्ट्राँग असे इंग्रजी रक्ताचे सरदार त्यांवर नेमिले. आणि हलकें घोडदळ मात्र मल्हाररावाच्या चालीचेंच ठेविलें. १८०२ त तो दक्षिणेंत उतरला तेव्हां फौजेचे दोन हात त्यानें वेगवेगळे ठेवून चालविले. कंपू व तोफा घेऊन तो स्वतः अहमदनगराकडून येत होता, आणि फत्तेसिंग माने घोडदळ घेऊन त्याच्याआधीं पुण्याच्या दक्षिणपूर्वेस भीमा-नीरेच्या मुलखांत शिरला होता.

बारामतीच्या लढाईचें महत्त्व येथें आहे. पेशव्यांचें व शिंद्यांचें सर्व लक्ष उत्तरेकडील वाटांवर. सदाशिव भास्कर हा शिंद्यांचा सेनापति घाट अडवून बसला होता. त्याची जागा बळकट आहे हें पाहून यशवंतरावानें तिच्यावर डोकें आपटलें नाहीं. तो वळसा घालून पूर्वेकडून आला. पण पूर्वेकडून येण्यासाठीं कऱ्हेची वाट मोकळी पाहिजे होती, आणि त्या वाटेवर बारामतीस पुरंदऱ्यांची फौज तोफांसह उभी होती. ८ ऑक्टोबरास मान्यानें ती मोडली व तोफा घेतल्या. ज्या तोफा पुण्याच्या बचावासाठीं पाठविल्या होत्या त्या पुण्यावर येणाऱ्या फौजेंत सामील झाल्या. तोफखान्याचें हें एक वैशिष्ट्य आहे कीं, तो मरत नाहीं, पक्ष बदलतो. यानंतर बारामतीपासून मोरगांवावरून जेजुरीपर्यंत मान्यास अडविणारें कोणी उरलें नाहीं. जेजुरीजवळ मान्याचें घोडदळ व यशवंतरावाचा कंपू यांची गांठ पडली. दोन्ही हात जुळले. राजेवाडीचा घाट उतरून २३ ऑक्टोबरास होळकरांचा तळ लोणी व हडपसर यांच्या दरम्यान पडला.

दोन दिवसांनीं, दिवाळीच्या सणांत, २५ ऑक्टोबरास हडपसरास लढाई झाली. होळकराकडे चौदा पलटणी, पंचवीस हजार स्वार व बिनकवायती पायदळ. शिंद्यांकडे दहा हजार स्वार व अकरा पलटणी, आणि पेशव्यांची फौज निराळी. अकरांपैकीं चार पलटणी द ब्वान्यच्या जुन्या तालमींतल्या. त्यांवर कॅप्टन डॉज होता. उरलेल्या सात अंबूजी इंगळ्याच्या. त्यांची कवायत बेताची व त्यांवर युरोपियन अंमलदार नव्हते. एकूण आंकड्यांपेक्षां हा फरक मोठा होता.

अशी कथा आहे कीं, समोरून पंचवीस गोळे येईपर्यंत आपल्याकडून तोफ डागूं नये असा यशवंतरावाचा हुकूम होता. धन्यावर पहिला वार सेवकानें केला असें कोणी म्हणूं नये, हा त्याचा हेतु सांगतात. हेतु तो असेल. पण शत्रूच्या तोफा कोठें आहेत व त्यांचा पल्ला किती हेंहि त्या पंचवीस गोळ्यांनीं फुकटांत सांगितलें असलें पाहिजे. तोफांचा मारा सुरू झाल्यावर शिंद्यांच्या स्वारांनीं होळकरांच्या स्वारांवर जोराची चाल केली आणि त्यांना मागें रेटलें. कांहीं काळ होळकरांची फळी मोडली असेंच दिसलें. विजय झाला या समजुतीनें शिंद्यांचे स्वार पाठलागास लागले व पांगले. त्यांच्या पलटणी मागें राहिल्या. पानिपताचा प्रसंग उलट बाजूनें पुन्हां आला होता. फरक एवढाच कीं या वेळीं तो ओळखणारा मनुष्य समोरच्या टेकाडावर उभा होता.

यशवंतराव स्वतः घोड्यावर बसला, पळणाऱ्यांस परत फिरविलें, आणि पांगलेल्या पाठलागावर पडला. शिंद्यांचें घोडदळ उधळल्यावर पलटणींच्या बगला उघड्या पडल्या. इंगळ्याच्या सात पलटणी लवकरच फुटल्या. डॉजच्या चार मात्र तोफांपाशीं घट्ट उभ्या होत्या. त्यांच्यावर एकीकडून होळकरांच्या कंपूचा मारा आणि दुसरीकडून घोड्यांची चाल, अशी दुहेरी वेळ आली. घोड्यांवर बंदुका वळवाव्या तर कंपू पुढें सरकतो. कंपूकडे वळवाव्या तर घोडे गोलंदाजांवर येतात. डॉज पडला, आणि गोलंदाज तोफांजवळच कापले गेले. यशवंतराव जखमी झाला. त्याच्या शेजारीं लढत असलेला हार्डिंग लढाई जवळजवळ संपलेली असतांना आलेल्या गोळ्यानें ठार झाला. होळच्या धनगराची हुलकावणी आणि द ब्वान्यची फैर या दोन विद्या मराठी सेनापतीच्या एकाच हातांत त्या दिवशीं आल्या. जें भाऊस व मल्हाररावास एकत्र बसून साधलें नाहीं तें साधलें, पण कोणाविरुद्ध? समोरहि मराठेच होते.

बाजीराव जय पाहण्यासाठीं वाड्याबाहेर पडला होता. तोफांचा आवाज वाढला तसा तो पर्वतीच्या बाजूस सरकला, आणि वर्तमान कळतांच सिंहगडास पळाला. यशवंतराव त्याचें राज्य घेण्यास आला नव्हता. त्याच्या मागण्या होळकरांच्या दौलतीच्या होत्या, कैदेंत असलेल्या पुतण्याच्या सुटकेच्या होत्या, आणि धन्यानें न्याय करावा एवढें त्याचें म्हणणें होतें. पण ज्यानें विठोजीस हत्तीखालीं घातलें त्यास विठोजीच्या भावाच्या वचनावर विश्वास कसा बसावा? सिंहगडावरून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग आणि तेथून वसई, असा पेशवा पळत राहिला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईच्या तहावर सही झाली. १८०३ च्या मे महिन्यांत तो इंग्रजी फौजेच्या पहाऱ्यांत पुण्यास परत आला. हडपसराच्या रणांगणावर जें कौशल्य दिसलें त्याचा राजकीय उपयोग शून्य झाला, आणि याचा दोष एकट्या बाजीरावाच्या माथीं मारतां येत नाहीं. पळणाऱ्या धन्यास वेळेवर अडविण्याइतकी किंवा त्याच्याशीं बोलणें लावण्याइतकी सबूरी यशवंतरावापाशीं नव्हती. त्यानें अमृतरावाच्या मुलास गादीवर बसविण्याचा घाट घातला, पुण्यांत खंडणी वसूल केली, आणि १८०३ त तो उत्तरेकडे निघून गेला.

तेथें त्यानें १८०४ त मॉन्सनच्या फौजेस मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत हांकलीत नेलें. त्याच वर्षीं इंग्रजांशीं लढण्यास नाकबूल झालेल्या विकर्सचा शिरच्छेदहि केला. शेवटीं भानपुऱ्यास राहून नव्या तोफा ओतण्याचा त्यास ध्यास लागला. भट्टीपाशीं तो स्वतः उभा राहून राबे. त्यांतच बुद्धि भ्रमली, आणि १८११ च्या ऑक्टोबरांत तो तेथें वारला.

मैदानाकडे कोणी पाहिलें नाहीं. १८०२ त होळकरांचे व पेंढाऱ्यांचे घोडे बारामती-इंदापुराच्या उभ्या पिकांतून गेले. लागलीच १८०३-०४ चा दुष्काळ आला. पेवांत धान्य नव्हतें, कारण तें आधींच लुटलें गेलें होतें. इंदापुराकडील गांवेंच्या गांवें ओस पडलीं. कंपनीचें राज्य झाल्यावर प्रिंगल यानें जमिनीची मोजणी करून सारा बसविला, तो रयतेस झेपला नाहीं व आणखी जमीन पडीक राहिली. म्हणून १८३५-३६ त गोल्डस्मिड व विंगेट यांनीं मोजणीचें काम नव्यानें आरंभिलें, तें इंदापूर तालुक्यापासून. ज्या शेतांतून सांखळी ओढीत ते गेले, त्यांपैकीं कितीएकांत नांगर फिरून कित्येक वर्षें लोटलीं होतीं.